हस्ते

मार्च संपायला नऊ दिवस.
चौबारा ओलांडून आम्ही गल्लीत शिरलो,
केरबाच्या खांद्यावर मागणी रजिस्टर,
माझ्या बगलेत पावतीबुक,
कार्बन वापरून वापरून राखाडी झालेला.
उदगीरचा हा वॉर्ड मला याच साली मिळाला.

घर क्रमांक तीनशे सतरा, जुना एकशे चार.
मालक : मन्मथप्पा विश्वनाथ निडवंचे.
भोगवटादार : आडवी रेघ.
मागील बाकी, चालू मागणी, शिक्षण, अग्निशमन,
वृक्ष कर, म्हणजे कोपऱ्यावरचा लिंब,
तोही तारांखाली अर्धा छाटलेला,
आणि शास्ती, महिन्याला शेकडा दोन,
जी रविवारीसुद्धा कामावर असते.

मन्मथप्पा जाऊन अकरा वर्षं झाली.
नोटीस त्यांनाच निघते, ‘आपणास कळविण्यात येते की’.
मी ती खळ लावून दाराला डकवली,
चारी कोपरे दाबले,
जसं काही दुपारची झोप झाल्यावर
ते चष्मा शोधतील.

थोरल्याला फोन लावला, पिंपरीला.
“ते घर मी धाकट्याला सोडलंय.”
धाकट्याला लावला, बिदरला.
“सोडलंय? कागद दाखवा म्हणावं.
आन् साहेब, राहतंय कोण? दिवा कुणाचा लागतोय?
राहील त्यानं भरावं, सरळ हिशोब.”
मागे कुकरची शिट्टी झाली, फोन कटला.

राहते जैतुनबी.
पुढच्या खोलीत गाद्या भरते.
नवरा होता तोवर धनुकलीचा ठणका
गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा, केरबा सांगतो.
आता मशीन. मधली दोन वर्षं तीही बंद होती,
तीच ही मागील बाकी.
भुवयांवर कापूस, पदरावर कापूस,
बोलायच्या आधी ती हातानं हवा बाजूला करते.

“भाडं कुणाला देता?”
“सहाशे थोरल्याला, सहाशे धाकट्याला.
दोघंबी म्हणतात, त्याला सांगू नका.”
केरबा हसला. मी कायदा सांगितला :
पट्टी मालकाची.
मालक हाती लागत नसेल तर राहणाऱ्याकडून घ्यायची,
राहणाऱ्यानं ती भाड्यातून कापायची.
“कुणाच्या भाड्यातून, भाऊ?”
कलमात एवढं पुढचं लिहिलेलं नाही.

भिंतीवर तारेला टोचलेल्या नऊ पावत्या.
प्रत्येकीवर श्री. मन्मथप्पा यांजकडून रोख मिळाले.
मेलेला माणूस गाद्यांच्या पैशातून
इमानेइतबारे कर भरत होता.

“मावशी, भोगवटादार म्हणून तुमचं नाव लावतो.”
मी पेन उघडलं.
“नक्को!” तिनं रजिस्टरवर तळवाच ठेवला.
“इतक्या वर्षांत एकाला बी इकडं यायला जमलं नाही.
माझं नाव लागू द्या,
दोघं भाऊ एका गाडीत येतील.”

भोगवटा.
रोज लिहितो हा शब्द, कधी पाहिला नव्हता.
भोग त्यात शाबूत आहे.
वाटा होता बहुतेक,
त्याचा काना कुणीतरी काढून नेलाय.

“मग पैसे कुणी दिले म्हणून लिहू?”
ती जरा थांबली.
“खाली बारीक असतंय ना एक,
त्यात लिवा. त्याला कोण भेत नाही.”

पावतीच्या तळाशी, शिक्का जिथं पडतो तिथं,
दोन बोटांची जागा : हस्ते.
लिहिलं, जैतुनबी मन्सूर पिंजारी.
उशीच्या अभ्र्यातून तिनं नोटा काढल्या,
तीन हजार आठशे बेचाळीस,
सुटे दोन रुपये केरबानं घातले.
पावती तिनं तारेला टोचली, दहावी,
आणि मशीनचं बटण दाबलं.

कार्यालयात येऊन स्थळप्रत पाहिली.
मन्मथप्पा ठळक उमटले होते.
रक्कम, दिनांक, घर क्रमांक, सगळं.
हस्तेपुढं कोरं.

केरबा चहा आणायला गेला होता.
मी कार्बनची वाट पाहिली नाही,
पेननंच लिहिलं,
थोडं दाबून.